नाथसागराची ओहोटी : पाहुण्या पक्ष्यांना भेटायला जाताना

रोज सकाळी पेपर उघडला की आधी जायकवाडीचा आकडा बघायचा, ही सवय मराठवाड्यात घरोघरी आहे. पाणी किती टक्के, वरून आवक किती, कालव्याला आवर्तन कधी सुटणार. शेतकऱ्याला रब्बीची काळजी, शहरातल्या माणसाला नळाची. मी तोच आकडा आणखी एका गोष्टीसाठी बघते : यंदा नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, गाळ कधी उघडा पडणार आणि पाहुणे पक्षी कोणत्या काठाला उतरणार.

समुद्रकाठच्या अभयारण्यात पक्षी बघायला जाणारी माणसं भरती-ओहोटीची वेळ बघून घराबाहेर पडतात. ओहोटी लागली की खाडीचा चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर पांगून खायला लागतात. भरती चढली की पाणी त्यांना काठाकडे रेटत आणतं. हे दिवसातून दोनदा घडतं. आपल्या नाथसागरालाही भरती-ओहोटी आहे, फक्त ती वर्षातून एकदाच येते. जुलै ते सप्टेंबर भरती, आणि ऑक्टोबरपासून थेट जूनपर्यंत ओहोटी. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली तर पैठणला जाऊन हात हलवत परत यायची वेळ येत नाही. मी पहिली दोन वर्षं तशीच परत आले होते. कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटायचं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पाणी समजून घ्या

पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या या धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी झाली आणि लोकार्पण इंदिरा गांधींच्या हस्ते २४ फेब्रुवारी १९७६ रोजी. मातीची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब, दरवाजे २७. मागे पसरलेला जलाशय साधारण ५५ किलोमीटर लांब आणि रुंदीला काही ठिकाणी २७ किलोमीटरपर्यंत. १९८६ मध्ये त्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर, काही छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याकडे, काही अहिल्यानगरकडे.

पक्ष्यांच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे उथळपणा. डोंगरात बांधलेलं धरण वाटीसारखं असतं, कडेला एकदम खोल. जायकवाडी सपाट मुलखातलं आहे, त्यामुळे ते परातीसारखं पसरलंय. परातीतलं पाणी बोटभर कमी झालं तरी कडेची केवढी जागा मोकळी होते, तसंच इथं होतं. पाणी थोडं उतरलं की मैलभर काठ उघडा पडतो. ओला, मऊ, किडे-शंखशिंपल्यांनी भरलेला गाळ. सैबेरियातून उपाशीपोटी आलेल्या पाखराला याहून वेगळं काही नको असतं.

याच उघड्या पडलेल्या जमिनीवर काठचे शेतकरी गाळपेर करतात. गहू, हरभरा, ज्वारी. नांगरट फार लागत नाही, जमिनीत ओल असतेच. गाळपेर सुरू झाली म्हणजे पाणी कुठपर्यंत मागे सरकलंय हे कळतं, म्हणून मी काठच्या गावात गेले की आधी तेच विचारते. "मामा, गाळपेर कुठवर आली?" या एका प्रश्नाला मिळणारं उत्तर कोणत्याही नकाशापेक्षा ताजं असतं.

टक्केवारी वाचतानाही एक गोष्ट माहीत हवी. पेपरातला आकडा जिवंत साठ्याचा, म्हणजे कालव्याला सोडता येणाऱ्या पाण्याचा असतो. धरणाची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जिवंत साठा ७६ टीएमसीच्या आसपास. उरलेला २६ टीएमसी मृतसाठा. म्हणजे शून्य टक्के छापून आलं तरी मधोमध मोठं तळं असतंच, आणि दुष्काळी वर्षात आसपासचे सगळे पाझर तलाव आटल्यावर पक्षी त्याच पाण्याला येतात.

आता अनुभवाचा ठोकताळा. जानेवारीत साठा नव्वदच्या वर असेल तर पक्षी विखुरलेले असतात. काठाला गवत आणि शेतं, चिखल जवळजवळ नाही. अशा वर्षी बदकं दिसतात, पण लांब, खोल पाण्यात. चिखलात चालणारे पक्षी फार थोडे. साठा साठ-सत्तरच्या घरात असेल तर मजा असते. आणि तो चाळीसच्या खाली गेला तर चिखल इतका मोठा होतो की पाण्यापर्यंत पोचायलाच दम लागतो, मात्र रोहित (फ्लेमिंगो) येण्याची आशा वाढते. २०२३च्या पावसाळ्यात धरण निम्म्याच्या आसपासच राहिलं आणि २०२४ला दरवाजे उघडावे लागले. एकच जागा, एकच महिना, पण या दोन हिवाळ्यांत एकच जलाशय पाहतोय असं वाटत नव्हतं. म्हणून मागच्या वर्षीचा व्हिडिओ बघून यंदा त्याच दगडावर जाऊन बसू नका.

महिना कोणता

सगळे पाहुणे एकदम येत नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरातच तुतवार, टिलवे असे चिखलातले छोटे पक्षी हजर होतात. त्याच सुमारास भोरड्या येतात. ज्वारी राखणारा प्रत्येक शेतकरी भोरड्यांना ओळखतो, मचाणावर उभं राहून गोफण फिरवताना त्याने त्यांना शिव्याही दिलेल्या असतात. पण ही गुलाबी पोटाची पाखरं मध्य आशियातून इथवर येतात हे पुष्कळांना ठाऊक नसतं. स्थलांतरित पक्षी म्हणजे दूरच्या तलावावरचं काहीतरी, असं वाटणाऱ्या आपल्या मुलांना मी आधी भोरड्याच दाखवते. संध्याकाळी पाण्याकाठच्या बाभळीवर झोपायला येताना त्यांचा थवा आभाळात धुरासारखा वळतो.

नवरात्राच्या आसपास परीट पक्षी दिसायला लागतात, शेपटी खालीवर करत अंगणातसुद्धा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बदकं. डिसेंबर-जानेवारीत पट्टकादंब नावाचे हंस, कांड्या करकोचे. फेब्रुवारी संपता संपता परतीची तयारी. मार्चअखेर बरेचसे निघून गेलेले असतात.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने २० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा काळ धरावा. याला एक खास कारण आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेल्या नर बदकांची पिसं अजून बदललेली नसतात, ते माद्यांसारखेच मळकट तपकिरी दिसतात. पुस्तकातलं चित्र आणि समोरचं बदक जुळत नाही, आणि नवखा माणूस हिरमुसतो. डिसेंबर सरेपर्यंत नरांचे रंग भरून येतात.

नाथषष्ठी फाल्गुनात येते. तेव्हा पैठणला लाखो वारकरी असतात; दर्शनासाठी अवश्य जा, पण पक्ष्यांसाठी तो आठवडा टाळा.

कोणता काठ, कोणती वेळ

छत्रपती संभाजीनगरहून बिडकीन, ढोरकीन करत पैठण सुमारे ५० किलोमीटर. लालपरी दिवसभर असते, पण पक्ष्यांसाठी उजाडायच्या आत काठावर पोचायचं तर स्वतःची गाडी किंवा पैठणला मुक्काम हवा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसहाला काठावर असा. पहिला दीड तास हा सोन्यासारखा असतो : पाणी स्थिर, पक्षी भुकेलेले, आणि हवा थंड असल्यामुळे दुर्बिणीत दृश्य थरथरत नाही. दहानंतर उन्हाची झळ पाण्यावर नाचायला लागते, लांबचं बदक काळा ठिपका होऊन जातं.

काठ निवडताना सूर्याचा हिशोब करा. पैठण जलाशयाच्या पूर्वेला आहे. सकाळी पैठणच्या बाजूने, म्हणजे पिंपळवाडी, सोनेवाडी अशा गावांकडून पाण्याकडे पाहिलं की सूर्य पाठीशी येतो आणि पक्ष्यांवर सरळ उजेड पडतो. हाच काठ संध्याकाळी डोळ्यांवर येतो, समोर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. संध्याकाळ काढायची तर वरच्या अंगाला, कायगाव टोक्याकडे जा. तिथे प्रवरा गोदावरीला मिळते, संगमावर सिद्धेश्वराचं जुनं देऊळ आहे, आणि संभाजीनगर-अहिल्यानगर रस्त्यावरच असल्यामुळे पोचणं सोपं. एका दिवसात दोन्ही करायचं झालं तर सकाळ पैठणला, दुपारी जेवण आणि विश्रांती, साडेतीननंतर कायगाव. मला मात्र एका दिवशी एकच काठ बरा वाटतो. धावपळीत बघणं राहून जातं.

धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही, फोटोही काढता येत नाहीत. सुरक्षेचा भाग आहे, तिथे हुज्जत घालू नका. अभयारण्य वन विभागाच्या वन्यजीव शाखेकडे आहे. शाळेची सहल किंवा मोठा गट न्यायचा असेल, तर आधी त्यांच्याकडून लेखी परवानगी घ्या. ड्रोन तर अजिबात नको.

पिशवीत काय

मातकट किंवा खाकी रंगाचे कपडे. पांढरा सदरा आणि लाल-पिवळी ओढणी लांबून चमकते. स्वेटर आणि कानटोपी हवीच, कारण पहाटे पाण्यावरून येणारा वारा हाडात शिरतो, आणि दहाला हेच सगळं काढून ठेवावं लागतं. पायात जुने बूट, चिखलाने भरले तरी हळहळ वाटणार नाही असे. पाणी भरपूर. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली की काठावर दुकान शोधत फिरावं लागत नाही. बायका-मुलींसाठी सांगते : काठावर स्वच्छतागृह नाही. पैठणमध्ये सोय करूनच पुढे निघा, आणि त्या भीतीने पाणी पिणं मात्र टाळू नका.

दुर्बीण मात्र नीट निवडावी लागते. तिच्यावर ८×४२ किंवा १०×५० असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापर्यंत उजेड किती येतो याचा अंदाज मिळतो. ८×४२ ला उत्तर पाचच्या वर येतं, पहाटेच्या अंधुक उजेडाला ते पुरतं. दहा पट किंवा त्याहून मोठी दुर्बीण घेतली तर हाताचा कंपही तितकाच वाढतो. म्हणून पहिली दुर्बीण ८×४२ घ्या. जत्रेत मिळणाऱ्या 'शंभर पट'वाल्या दुर्बिणींपासून लांब राहा.

ती वापरण्याआधी घरीच जुळवून घ्या. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल चित्र दिसेल असं अंतर ठेवा. मग उजवं भिंग हाताने झाका, डाव्या डोळ्याने समोरच्या पाटीवरची अक्षरं बघत मधलं चाक फिरवा, अक्षरं स्पष्ट होईपर्यंत. आता डावं झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. ही कडी कोणत्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप आत दाबा. माझ्याबरोबर येणाऱ्या कित्येकांनी हे कधीच केलेलं नसतं, आणि डोकं दुखतं म्हणून ते दुर्बीण गळ्यात नुसती अडकवून ठेवतात.

नजर लावायची पद्धतही आहे. आधी उघड्या डोळ्याने पक्षी शोधा, त्याच्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांसमोर आणा. दुर्बिणीतून पक्षी शोधत बसलात तर तो कधीच सापडणार नाही.

काठावर पोचल्यावर

गाडी गावातच लावा. शेवटचा पट्टा पायी. गाळपेरीतून जायचं असेल तर मालकाला विचारून, बांधावरून. गव्हात पाय टाकून पक्षी बघण्याचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही.

पाणी दिसायला लागलं की तिथेच थांबा. ताबडतोब पुढे जाऊ नका. खाली बसा. माणूस उभा असला की आकाशाच्या रेषेवर त्याची आकृती उठून दिसते. बसला की जमिनीत मिसळतो. पाच मिनिटं दुर्बीणही लावू नका, नुसतं ऐका. चक्रवाक बदकाचा सानुनासिक आवाज पाण्यावरून लांबवर येतो. करकोच्यांचं कुर्र-कुर्र आभाळातून, दिसायच्या आधी ऐकू येतं. टिटवी ओरडली तर समजा आपली वर्दी गेली. ती ओरडून थकेपर्यंत हलू नका.

मग डावीकडून उजवीकडे, पट्ट्यापट्ट्याने बघा. आधी कोरडा काठ, मग ओला चिखल, मग घोट्याभर पाणी, मग खोल पाणी. प्रत्येक पट्ट्याची वस्ती वेगळी असते, आणि हीच ओळखीची पहिली पायरी आहे. पिसांच्या रंगापासून सुरुवात केली की गोंधळ होतो. पक्षी कुठे उभा आहे, काय करतोय, चोच कशी आणि पाय किती लांब, या चार गोष्टी आधी.

ओल्या चिखलात चिमणीएवढं, उंदरासारखं सुरसुर धावणारं, शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच खालीवर मारणारं पाखरू दिसलं तर तो छोटा टिलवा. वजनाला मूठभर शेंगदाण्यांइतका, आणि घरटं उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात. एकटाच काठाने चालतोय, मागचा भाग सारखा हलवतोय, आणि खांद्यापाशी पोटाचा पांढरा रंग वर चढलेला दिसतोय, तो तुतवार. घोट्याभर पाण्यात लाल-गुलाबी काडीपायांवर उभा असतो तो शेकाट्या. तो इथलाच रहिवासी, पण हिवाळ्यात त्याची गर्दी वाढते. त्याच्याच शेजारी जाडसर, लांब सरळ चोच डोळ्यापर्यंत चिखलात खुपसणारा मालगुजा. तो उडाला की पंखांवरचा पांढरा पट्टा आणि शेपटीचं काळं टोक बघा, खात्री पटते.

पाण्यातल्या बदकांचे दोन गट करा. काही पाण्यावर उलटी होतात, शेपटी वर आणि डोकं खाली. ती उथळ पाण्यातली. काही बुडी मारून पूर्ण नाहीशी होतात आणि भलतीकडेच वर येतात. ती खोल पाण्यातली. पहिल्या गटात तलवार बदक, ज्याची शेपटी टोकदार आणि मान पांढरी. थापट्या, ज्याची चोच फावड्यासारखी. भुवई बदक, ज्याच्या डोळ्यावर पांढरी ठसठशीत भुवई. दुसऱ्या गटात लालसरी, तिच्या नराचं डोकं विटकरी. चोचीच्या टोकाला पिवळं आणि बुडाशी लाल ठिपका असलेलं हळदी-कुंकू बदक पाहुणं नाही, बारा महिने इथलंच. पण त्याचं नाव ऐकल्यावर बायका-पोरं हटकून दुर्बीण मागतात. काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी दिसला तर तो चांदवा. त्याचं दुसरं नाव वारकरी. पैठणच्या पाण्यावर शेकड्याने जमलेले हे वारकरी मला फार जवळचे वाटतात.

पट्टकादंबाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. पुस्तकात त्याला बार-हेडेड गूज या नावाने शोधा. राखी अंग, पांढरं डोकं आणि डोक्यामागे दोन काळे पट्टे. मंगोलिया, तिबेटच्या पठारावरच्या तळ्यांकाठी तो घरटी करतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून खाली येतो. शास्त्रज्ञांनी पाठीवर यंत्रं बसवून मोजलं तेव्हा काही पक्षी सात हजार मीटरच्याही वर उडताना नोंदले गेले. तिथे हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी असतो. त्याच्या रक्तातला लाल घटक प्राणवायू अधिक घट्ट पकडतो, म्हणून हे जमतं. असा पक्षी गाळपेरीच्या गव्हात मान खाली घालून चरताना बघितला की मी दरवेळी थोडा वेळ दुर्बीण खाली ठेवते. दुपारी तो पाण्याकाठी झोपलेला असतो. सकाळ-संध्याकाळ शेतांकडे ये-जा करतो. त्या ये-जा करण्याच्या वाटेवर, पण आडोशाला बसलात तर थवा डोक्यावरून जातो.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो. त्याची हमी कुणी देऊ नये आणि कुणी मागू नये. त्याला उथळ, मोकळं, निवांत पाणी लागतं. डोकं उलटं करून तो पाणी चोचीत घेतो आणि चोचीतल्या गाळणीने बारीक जीव आणि शेवाळ वेगळं करतो. त्याच अन्नातल्या रंगद्रव्यामुळे पिसं गुलाबी होतात, म्हणून थव्यातले राखट पांढरे पक्षी आजारी नसतात, ती पोरं असतात. समुद्राशी नातं असलेले आणखी पाहुणे म्हणजे कुरव (गल). तपकिरी डोक्याचे कुरव हिवाळ्यात डोक्याचा रंग गमावतात, कानामागे फक्त काळसर डाग उरतो. कोळ्यांच्या जाळ्याभोवती ते घिरट्या घालतात.

सगळी बदकं एकदम, कारण नसताना उडाली तर आभाळाकडे बघा. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून पाण्यालगत तरंगत जाणारा दलदल भोवत्या असतो बहुतेक. बुडालेल्या झाडाच्या खोडावर बसून मासा फाडणारा, डोळ्यावरून काळी पट्टी गेलेला शिकारी दिसला तर तो कैकर.

किती जवळ जायचं

इथे मला कळकळीने सांगायचं आहे. हल्ली मोठ्या लेन्सचे कॅमेरे आले, आणि थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून काठावर धावत जाणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. एकाने तर ढेकूळ फेकलं. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला इथे चारच महिने मिळतात, आणि त्यात परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची असते. तेच त्याचं पेट्रोल. प्रत्येक वेळी घाबरून उडण्यात ते जळतं, आणि खाण्याचा वेळही जातो.

अंतर मीटरमध्ये मोजण्यापेक्षा पक्ष्याकडे बघा, तो सांगतो. खाणारा थवा खाली बघत असतो. आपण हद्द ओलांडली की आधी एक-दोन माना वर होतात. मग सगळ्यांच्या. मग सगळे एकाच दिशेला तोंड करून हळूहळू चालायला लागतात. पहिल्या दोन माना वर झाल्या की तिथेच थांबा, आणि दोन पावलं मागे या. चालायला लागले असतील तर आपण आधीच चुकलोय. नाकासमोर सरळ चालत जाऊ नका, तिरपं जा, मध्ये मध्ये बसा. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका.

मार्चनंतर आणखी जपायला हवं. पाहुणे गेले तरी इथले सुरय (टर्न), शेकाट्या, टिटव्या बेटांवर आणि उघड्या काठावर जमिनीतच अंडी घालतात. अंडी खड्यांसारखीच दिसतात, पाय पडेपर्यंत कळत नाहीत. आणि पक्षी उठून गेला तर एप्रिलच्या उन्हात ती भाजून निघतात. म्हणून उन्हाळ्यात बेटांवर उतरूच नका.

स्वतःच्या जिवाचंही बघा. गाळ वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो आणि खाली ओला असतो. पाय गुडघ्यापर्यंत गेला की ओढून काढणं कठीण. गुरांच्या खुरांचे ताजे ठसे असतील तिथवरच जा, त्यापुढे काठीने चाचपून. एकटं जाऊ नका. लाइफ जॅकेट नसेल तर होडीत बसू नका. दुपारी वारा सुटला की नाथसागरात चांगल्या लाटा उठतात. मेलेले पक्षी दिसले तर हात लावायचा नाही, विशेषतः एकापेक्षा जास्त असतील तर. बर्ड फ्लूची शंका असते. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

नोंद

घरी गेल्यावर आठवून लिहू, असं होत नाही. काठावरच वहीत लिहा : तारीख, वेळ, गाव, त्या दिवशीची धरणाची टक्केवारी, आणि पक्षी. टक्केवारी लिहायला विसरू नका. चार-पाच वर्षांची वही झाली की आपल्या काठाचं वेळापत्रक तीच सांगायला लागते.

मोठा थवा मोजताना एकेक मोजत बसू नका. आधी दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात ठेवा, मग तशा किती जागा भरतील ते बघा. थवा हजारांत असेल तर शंभराचा गठ्ठा धरा. सुरुवातीला आकडे कमीच येतात, सगळ्यांचेच. मोजलेलं ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलं तर ते अभ्यासकांच्या कामाला येतं. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तिच्यात नवख्यांनाही अनुभवी माणसांबरोबर उभं राहता येतं. शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. एखाद्या पक्ष्याच्या पायात कडी किंवा मानेत पट्टा दिसला तर रंग आणि अक्षरं टिपून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. तो पक्षी कुठून निघाला हे त्यांच्याकडून कळू शकतं.

खऱ्या समुद्राची ओढ लागली तर ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे. मुंबईकडे जाणाऱ्या आपल्या बऱ्याच गाड्या ठाण्याला थांबतात, आणि ऐरोलीच्या केंद्रातून होडीची सोय असते. फक्त तिथे टक्केवारी नाही, भरतीची वेळ बघायची. ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आधी फोन करून मगच तिकीट काढा.

माझ्या वहीचं शेवटचं पान दरवर्षी मी नाही, सोनेवाडीकडचे एक गाळपेरवाले मामा भरतात. मार्चमध्ये हरभरा काढून झाला की एका सकाळी त्यांचा फोन येतो. "ताई, हंस उठले बरं का काल रात्री. रातभर वरडत व्हते." मी तारीख लिहिते, आणि खाली त्या दिवशीची टक्केवारी.